ठिणगीपासून दहा हात

दत्ताराम परबांनी माझी बंद पडलेली स्कूटर पहिल्यांदा पाहिली, तेव्हा तिला हात लावला नाही. आधी हातातला चहा संपवला, ग्लास शेजारच्या विटेवर ठेवला आणि मला विचारलं, "शेवटचा हात कोणाचा लागला हिला?"

मी म्हटलं, माझाच. रोज मीच चालवते.

"चालवणं म्हणजे हात लावणं नव्हे, बाई. धुतली, पुसली, कोणी काय उघडलं? आठवा जरा."

मग आठवलं. आदल्या दिवशी आमच्या ह्यांना अचानक संसाराची आस्था वाटली होती आणि त्यांनी पाइप लावून स्कूटर धुऊन काढली होती. परबांनी समजल्यासारखी मान हलवली, प्लगवरची टोपी काढली, तिच्यातलं पाणी फडक्याने टिपलं, फुंकर मारली आणि किक मारली. स्कूटर सुरू झाली. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ठिणगी कशी पडते याची आकृती मी फळ्याकडे पाठ करूनही काढू शकले असते. पण माझ्या स्वतःच्या स्कूटरने माझी ही विद्वत्ता कधीच मानली नाही.

भांडुप स्टेशनकडून वर चढणाऱ्या रस्त्यावर परबांची पत्र्याची टपरी होती. दार उघडलं की अर्धी टपरी रस्त्यावर यायची. पाटीवर काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते कोणी वाचलेलं मला आठवत नाही. सगळे त्यांना ठिणगीवाले परब म्हणायचे. मूळचे कणकवलीकडचे. तरुणपणी गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर गाड्यांकडे वळले. इंजिनाचं बाकी काही ते बघत नसत. ब्रेक, गिअर, टायर ही त्यांच्या मते इतर जातीची कामं. फक्त ठिणगी. ती पडते का, कुठे पडते, आणि पडत नसेल तर कोणी अडवली. पुढे आमची चाळ पडून इमारत झाली आणि परब आमच्याच मजल्यावर समोर राहायला आले, तेव्हा माझ्या स्कूटरचं भाग्य उजळलं.

त्यांची ठिणगी तपासायची पद्धत पाहून माझ्यातली विज्ञानाची बाई हादरली होती. प्लगची वायर काढायची, गिऱ्हाइकाला किक मारायला सांगायचं आणि वायरच्या टोकाशी स्वतःचं बोट न्यायचं. फट्‌ असा आवाज यायचा, परबांचा खांदा किंचित उडायचा आणि निदान व्हायचं. "पेंगते आहे." "जागी आहे, पण वेळेवर येत नाही." "हिला काही झालेलं नाही, कार्बोरेटरवाल्याकडे जा." मी एकदा त्यांना सांगितलं की काका, ते काही हजार व्होल्ट असतात, शाळेतून मीटर आणून देते. ते म्हणाले, "बाई, मीटर आकडा सांगतो. माका तिचो स्वभाव कळाक होयो." आणि पुन्हा बोट पुढे केलं.

मीही काही कमी नाही. विज्ञान दिनाला मी त्यांना पाहुणे म्हणून शाळेत बोलावलं. परब इस्त्रीचा शर्ट घालून आले, टेबलावर ठिणगी पाडणारी जुनी कॉइल मांडली, पाच मिनिटं फार सुंदर बोलले आणि मग सवयीने बोट पुढे केलं. फट्‌. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच क्षणी साठ हात वर झाले, प्रत्येकाला आपलं बोट लावून बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सही करून सूचना फिरवली की प्रयोग दाखवताना पाहुण्यांनी स्वतःचे अवयव वापरू नयेत. ती सूचना मी परबांना वाचून दाखवली. ते दिवसभर खूश होते.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, हा ठिणगीचा संसार अजिबात आवडत नसे. काकी विजेला इतक्या घाबरायच्या की मिक्सरचं बटण लाकडी उलथन्याने दाबायच्या. नवऱ्याच्या हाताला रॉकेलचा वास येतो ही त्यांची चाळीस वर्षांची तक्रार, आणि दुसरी लग्नपत्रिकांची. जुन्या इंजिनांत ठिणगीचा जोड उघडतो-मिटतो, त्यात केसाएवढी फट नेमकी ठेवावी लागते. ती मोजायला बाजारात पट्ट्या मिळतात. परब लग्नपत्रिका वापरायचे. कोणाच्या पत्रिकेचा कागद किती जाड, हे त्यांना तोंडपाठ होतं. नाईकांच्या नंदूची पत्रिका बिनबॅटरीच्या इंजिनातल्या मॅग्नेटोला, सावंतांच्या मुलीची जुन्या जीपला. एका डॉक्टरांच्या मुलाची सोनेरी पत्रिका त्यांनी दोन बोटांत चोळून परत केली होती, कुठल्याच इंजिनाच्या उपयोगाची नाही म्हणून. काकी म्हणायच्या, "लग्नाक जाणा नाय, आणि पत्रिका मात्र देवासारखी जपतत."

असं सगळं छान चाललेलं असताना परबांच्या छातीत पेसमेकर बसला. एका दुपारी टपरीत चक्कर आली, मग दुसऱ्यांदा आली, आणि आठवड्याने ते घरी आले तेव्हा डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा उंचवटा होता. डॉक्टरांनी सांगितलं की मोबाइल उजव्या कानाला लावा, आणि चालू इंजिनाच्या ठिणगीपासून दोन हात लांब राहा. काकींनी घरी येईपर्यंत त्या दोन हातांचे दहा केले. डॉक्टरांना काय माहीत, म्हणाल्या, ह्यांचा हात आपोआप पुढे जातो.

टपरी बंद झाली. परब गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. खालून रिक्षा गेली की म्हणायचे, दोन महिन्यांत बसणार ही. पण उठायचे नाहीत. लोक विचारायला यायचे, त्यांना ते दुसऱ्या कोणाचा तरी पत्ता द्यायचे. मी एकदा म्हटलं, काका, बोट नाही तर नाही, डोकं आहे ना? ते हसले नाहीत. "डोकं सगळ्यांकडे असतं, बाई," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. बोलका माणूस गप्प बसला की घरातली सगळी भांडी जास्त वाजतात, तसं त्यांच्या घराचं झालं होतं.

आणि अशात मुलुंडहून म्हात्रे आले.

म्हात्रे साठीचे, आगरी, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. त्यांची एकेकाळची भातशेती होती तिथे आता बावीस मजली टॉवर उभा आहे. जमिनीच्या बदल्यात कुटुंबाला फ्लॅट मिळाले, आणि म्हात्र्यांनी हट्टाने करारात एक ओळ घालून घेतली की बेसमेंटमधली एक जागा त्यांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरला मिळेल. ट्रॅक्टर परदेशी बनावटीचा, म्हात्र्यांपेक्षा वयाने मोठा. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर वळवायचा. दोन वर्षं तो दोन चकचकीत मोटारींच्या मध्ये ताडपत्री पांघरून उभा होता. आता सोसायटीच्या कमिटीने नियम काढला होता की पार्किंग फक्त चालू वाहनाला. येत्या रविवारी दहा वाजता मीटिंग. तोवर ट्रॅक्टर आपल्या पायाने रॅम्प चढून वर आला तर राहील, नाही तर सोमवारी भंगारवाल्याची क्रेन येईल.

"ढकलून चालणार नाही, ओढून चालणार नाही," म्हात्रे म्हणाले. "दोन मेकॅनिक येऊन गेले. हा प्रकार त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. बॅटरी कुठे आहे म्हणून विचारत होते."

परबांनी पहिल्यांदा नकारच दिला. शर्टाच्या वरून तो उंचवटा दाखवला. म्हात्रे चहा न पिता उठले. दारापर्यंत गेले असतील, तेव्हा परबांनी विचारलं, "शेवटचा हात कोणाचा लागला त्याला?"

"कोणाचाच नाही, काका. दोन वर्षं मी कोणाला शिवू दिलेला नाही."

परबांनी एकदा गॅलरीबाहेर बघितलं. मग काकींकडे बघितलं. काकी कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दहा हात लांब उभे रवश्यात तर जावया."

शनिवारी दुपारी आम्ही मुलुंडला गेलो. आम्ही म्हणजे परब, काकी आणि टॉर्च धरायला मी. बेसमेंटमध्ये काकींनी आल्या आल्या पिशवीतून खडू काढला, ट्रॅक्टरपासून पावलं मोजली आणि फरशीवर रेघ मारली. परब मुकाट्याने रेघेमागे जाऊन उभे राहिले. मग त्यांनी काकींना जे शिकवायला सुरुवात केली, ते मी जन्मात विसरणार नाही. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या कुशीतला तो काळा डबा. हँडल फिरलं की तो स्वतःच वीज करतो, बॅटरी लागत नाही. त्याच्या झाकणातून चार वायरी निघतात, चार प्लगांना जातात. झाकण उघड. जोडाची फट बघ. काकींनी पिशवीत हात घातला आणि नाईकांच्या नंदूची पत्रिका काढली. ती त्यांनी न सांगता आणली होती. परबांनी ती बघितली आणि चष्मा पुसला.

पत्रिका फटीत बरोबर बसली. प्लग कोरडे, पेट्रोल येत होतं. म्हात्र्यांनी हँडल फिरवलं. परबांनी लांबून ओरडून त्यांना अंगठा बोटांच्या बाजूला घ्यायला लावला, कारण इंजिन उलटं फिरलं तर हँडल अंगठा मोडतं. सात-आठ वेळा फिरवलं. मॅग्नेटो टक्‌ टक्‌ करायचा, इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प.

परबांचा उजवा हात सारखा उघडत-मिटत होता. एरवी याच वेळी बोट पुढे गेलं असतं. त्यांचं एक पाऊल रेघेवर आलं. काकींनी फक्त बघितलं, पाऊल मागे गेलं. मग परब म्हणाले, "इथले दिवे बंद करता येतील?"

वॉचमनने दिवे घालवले. भर दुपारी बेसमेंट काळंकुट्ट झालं. म्हात्र्यांनी अंदाजाने हँडल फिरवलं, आणि मॅग्नेटोच्या झाकणावर बारीक निळ्या ठिणग्या मुंग्यांच्या रांगेसारख्या सरपटताना दिसल्या. वायरीत शिरायच्या ऐवजी झाकणाच्या बाहेरूनच इंजिनाच्या लोखंडात पळून जात होत्या. दहा हातांवरून स्पष्ट दिसलं. बोट लावून हे कधीच कळलं नसतं, असं परब नंतर स्वतः म्हणाले.

दिवे लागल्यावर मी टॉर्च जवळ नेला. झाकणावर तांबूस काळपट ओघळ होते. मी विज्ञानाच्या बाईच्या अधिकाराने सांगितलं की हा गंज आहे. परबही लांबून म्हणाले, गंजच असणार. काकींनी बोटाने खरवडलं, वास घेतला.

"गंज खंयचो? ह्यां कुंकू आसा."

सगळ्यांनी म्हात्र्यांकडे बघितलं. आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. म्हात्र्यांचे वडील सांगायचे की या काळ्या डब्यात ट्रॅक्टरचा जीव आहे. म्हणून दर दसऱ्याला हळद-कुंकू लागायचं ते नेमकं तिथे, आणि नारळ फोडला की पाणीही तिथेच शिंपडायचं. शेतात असताना उन्हाने वाळून जायचं, ट्रॅक्टर चालता असायचा. बेसमेंटच्या ओलीत दोन दसऱ्यांचं कुंकू आणि नारळाचं पाणी मुरून बसलं होतं, आणि वीज त्या ओघळांवरून वाट काढत होती.

"अहो, मी तुम्हाला विचारलं होतं ना, कोणाचा हात लागला?" परब म्हणाले.

"हात कुठे, काका? ती पूजा होती."

परब इतके हसले की काकींना काळजी वाटली. माझ्या मते महिन्याभरात ते पहिल्यांदाच हसत होते. मग त्यांनी सांगितलं तसं काकींनी झाकण पेट्रोलने धुतलं, ब्लेडने ओघळ खरवडले, केस वाळवायच्या यंत्राने सुकवलं. यंत्राचं बटण म्हात्र्यांच्या सुनेने दाबलं. खरवडलेल्या जागेत पुन्हा ओल शिरू नये म्हणून वर काहीतरी लुकण हवं होतं. परब म्हणाले, नखांना लावतात ते चालेल, फक्त रात्रभर वाळू द्यायचं, तोवर हँडल फिरवायचं नाही. माझ्या पर्समध्ये होतं, गुलाबी. निवृत्त झाल्यावर मी ही एक चैन सुरू केली आहे. म्हात्र्यांच्या वडिलांच्या ट्रॅक्टरचा जीव गुलाबी झाला.

रविवारी दहा वाजता कमिटी बेसमेंटमध्ये उतरली. सेक्रेटरी हातात फाइल घेऊन उभे होते, त्यांच्यामागे रविवारच्या चपला घातलेले वीस-पंचवीस रहिवासी. परब रेघेमागे. म्हात्र्यांनी हँडल फिरवलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि पांढऱ्या धुराचा लोट थेट कमिटीवर गेला. लोक खोकत खोकत टाळ्या वाजवू लागले. म्हात्र्यांनी डोळे पुसले. सेक्रेटरींनी फाइल उघडली.

परबांनी हात वर केला. "तीनच प्लगांवर चालतोय. एक मेलेला आहे. रॅम्पवर मान टाकेल."

म्हात्रे रडकुंडीला आले. चालू तर झाला ना, म्हणाले, मी नेतो वर कसाही. पण परबांचं बरोबर होतं, तो रॅम्प आमच्या भांडुपच्या चढाएवढा उभा होता, आणि अर्ध्यात बंद पडून ट्रॅक्टर मागे आला असता तर मागे माणसं होती. परबांनी काकींना लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला सांगितला. त्याची दांडी एकेका प्लगच्या टोकाला आणि इंजिनाच्या लोखंडाला एकदम टेकवायची, म्हणजे तेवढ्यापुरती त्या प्लगची ठिणगी बंद. ज्याला टेकवल्यावर आवाज पडेल तो जिवंत. ज्याला टेकवूनही फरक नाही तो मेलेला. मिक्सरचं बटण उलथन्याने दाबणाऱ्या काकी धडधडत्या इंजिनापाशी वाकल्या. पहिल्याला टेकवला, आवाज पडला. दुसऱ्याला, पडला. तिसऱ्याला काहीच फरक नाही.

"वायर नीट बसलेली नाही," परब म्हणाले. काल ती काकींनीच भीत भीत लावली होती. "म्हात्रे, बंद करा इंजिन. बंद करून दाबूया."

म्हात्र्यांचा हात पुढे झाला, पण थांबला. पुन्हा सुरू होईल याचा भरवसा कोणालाच नव्हता, आणि सेक्रेटरी घड्याळ बघत होते. परबांनी परत सांगितलं, बंद करा. बायकोला शॉक लागू देऊन त्यांना ट्रॅक्टर चालवायचा नव्हता. आवाज चढला होता त्यांचा, आणि आता पाऊल खरोखरच रेघ ओलांडून आलं.

"तुमी थंयच रवा," काकी म्हणाल्या, आणि उघड्या हाताने वायर प्लगवर दाबली.

फट्‌. काकींचा खांदा उडाला. इंजिनाचा आवाज एकदम भरला, गोल झाला, आणि मला सुद्धा कळलं की आता चारही आहेत. काकी दोन पावलं मागे आल्या, कोपर चोळत. परब रेघेवरच उभे होते, पांढरेफटक.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली."

मग त्यांनी अगदी हळू, म्हणजे इंजिनाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं, विचारलं, "कशी आसा गो?"

काकींनी थोडा विचार केला. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला नावं ठेवली, तिच्याबद्दल पहिल्यांदाच त्यांना मत विचारलं गेलं होतं. "बरी आसा," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत गेली."

"कोपरापर्यंत म्हणजे झकास," परब म्हणाले. मला तिथेच रडू आलं, आणि धुराचं निमित्त चांगलं होतं.

म्हात्र्यांनी काकींना हट्टाने मडगार्डवर बसवलं आणि ट्रॅक्टर रॅम्पकडे निघाला. कमिटी, रहिवासी, वॉचमन सगळे मागोमाग. सेक्रेटरींनी चालता चालताच फाइलमध्ये 'चालू' असं लिहिलं.

मला त्याच दुपारी लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला जायचं होतं. मी तिकडे असतानाच, तीन आठवड्यांनी, परब गेले. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. काकींनी डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली, त्या रविवारचं काही झालं का. डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही, दोन हात पुरले असते. काकी आता गावी दिराकडे असतात. फोनवर आम्ही ट्रॅक्टरबद्दलच जास्त बोलतो. मला परबांची आठवण रोज येते, आणि स्कूटर सुरू झाली की जास्त येते.

म्हणून ती शेवटचीच भेट. मी सगळ्यांच्या मागे होते, गाडीची वेळ होत आली होती. रॅम्पच्या वळणावर निरोप घ्यायला मी मागे वळले. बेसमेंट रिकामं होतं. दोन मोटारींच्या मधल्या जागेत, जिथे आता फक्त तेलाचा डाग होता, परब येऊन उभे राहिले होते. इंजिन गेल्यावर तिथे जायला त्यांना कोणाची मनाई नव्हती. ट्रॅक्टर वर इमारतीला वळसा घालत होता, त्याचा आवाज खालपर्यंत घुमत होता. परबांनी उजवा तळवा शेजारच्या सिमेंटच्या खांबावर सपाट टेकवला, डोळे मिटले आणि मान जराशी कलती केली. खांबातून थरथर येत असणार.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मारली नाही. त्यांचं काम चालू होतं.